नावाच्या जागी खट्

मी मुळात भित्री. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला धीराची वगैरे समजायला नको. आंधळ्या माणसाला लोक दोनच गोष्टी देतात, एक दया आणि दुसरं कौतुक, आणि मला दोन्हींचा सारखाच संताप येतो. मी कुत्र्याला भ्यायचे, तुंगार्लीच्या तळ्याच्या काठाला भ्यायचे, अनोळखी माणूस बोलता बोलता थांबला की भ्यायचे. पण सत्तर सालानंतरच्या एका पावसाळ्यात मी सगळ्यात जास्त भ्याले ते एका टेपरेकॉर्डरला.

टेपरेकॉर्डर माझा नव्हता, हे पहिलं कारण. पुण्याच्या अंधशाळेतल्या सरांनी तो मला घरी न्यायला दिला होता. सरांना डोळे माझ्याइतकेच, म्हणजे नव्हतेच. त्यांनी माझी बोटं धरून एकेका बटणावर ठेवली. हे वाजवायचं, हे थांबवायचं, हे मागं न्यायचं. "आणि हे रेकॉर्डचं," ते म्हणाले. "हे चुकून दाबलंस तर आधीचं सगळं पुसलं जाईल, आणि तुला कळणारही नाही." झालं. त्या वाक्यानं माझी झोप उडाली. डोळस माणसाला म्हणे तिथं लाल दिवा दिसतो. मला काय दिसणार, कपाळ? घरी आल्या आल्या मी वहिनीकडून त्या बटणावर मेणबत्तीचा एक थेंब पाडून घेतला. बोटाला मेण लागलं की हात मागं.

लोणावळ्याला आम्ही रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. आई-वडील गेलेले. घरात तिघंच: मी, थोरला भाऊ आणि वहिनी. दादा घाटात गँगमन. एरवी रुळांची निगा राखायची, आणि पावसाळ्यात खंडाळ्याच्या पुढं कड्याखाली पहारा करायचा. वरून दगड आला तर गाडी थांबवायची. दगड काही कुणाला विचारून येत नाही. पाऊस लागला की आमच्या ओळीतल्या सगळ्या बायकांचे कान घाटाकडं असायचे.

माझं म्हणाल तर मी मार्चच्या मॅट्रिकला इतिहासात उडाले होते. बाकीचे विषय निघाले, इतिहास राहिला, कारण ते पुस्तक ब्रेलमध्ये नव्हतं आणि वाचून दाखवायला कुणी नव्हतं. शेजारची पोरं बसवून पाहिली, ती दोन ओळी वाचायची आणि पळायची. मॅट्रिक झाल्याशिवाय टेलिफोन ऑपरेटरच्या ट्रेनिंगला घेत नव्हते. दादा म्हणाला, "ऑक्टोबरला बस. निघालीस तर पुण्याला जा. नाही निघालीस तर घरात राहा, मी काही म्हणणार नाही." त्याच्या त्या 'काही म्हणणार नाही'ची मला धडकी भरली. घरात राहणं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. शेंगा फोडायच्या, लसूण सोलायचा, आणि पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसायचं.

म्हणून सरांनी मशीन दिलं आणि वहिनी वाचायला बसली. वहिनी माहेरची नवलाख उंबऱ्याची, सातवी शिकलेली. आमच्या ओळीत पुस्तक वाचता येणारी बाई ती एकटी, आणि त्याचा तिला अभिमान होता. दुपारी भांडी झाली की ती हात पुसून यायची. आम्ही खिडकीला घोंगडी लावायचो, पाऊस पत्र्यावर बडवत असायचा ना. मशीन गोधडीच्या घडीवर ठेवायचो, नाहीतर त्याचीच घरघर आवाजात उतरायची. सेल उतरले की वहिनी ते चुलीजवळ शेकून आणायची. मग मी मेणाचा थेंब चाचपून, देवाचं नाव घ्यायचं नाही म्हणून वडिलांचं घेऊन, बटण दाबायची.

ती वाचायची छान. थोडी सुरात वाचायची, शाळेतली पोरं कविता म्हणतात तशी. पण अधूनमधून मध्येच थांबायची आणि थांबवायचं बटण दाबायची. खट्. परत चालू. पुन्हा थोड्या वेळानं खट्. मी विचारायचे, "काय झालं?"

"काय न्हाई वन्सं, दूध उतू चाललं व्हतं."

त्या पुस्तकाच्या दुसऱ्या अर्ध्यात आमचं दूध फारच उतू जायला लागलं. पण मला वाटलं, घरचं करून वाचते बिचारी, कशाला टोकावं. मला त्या खट्चा मात्र राग यायचा. कानाला टोचायचं ते. आता माझा सगळा जीव कानात, तर कानाचे नखरे असणारच.

शनिवारी मी दादाच्या ओळखीच्या गार्डाबरोबर पुण्याला जायची. शाळेत आणखी एक मशीन होतं, आणि सरांनी मला दोन्ही वायरीनं जोडून एकावरचं दुसऱ्यावर उतरवायला शिकवलं होतं. दुसऱ्या मशीनला एक हलकं बटण होतं, ते दाबलं की टेप आवाज न करता थांबायची. मी आधी एकदा ऐकून खट् कुठं येतं ते ध्यानात ठेवायची, मग उतरवताना त्याच्या अलीकडं थांबायची आणि पलीकडं सोडायची. खोकला काढायची, भांड्यांचा खणखणाट काढायची, इंजिनाची शिट्टी काढायची. हे काम मला इतकं आवडायला लागलं की तेवढा वेळ मला कशाचीच भीती वाटायची नाही. सर ऐकून म्हणाले, "तुझा हात बसला गं. सांधा कळत नाही." मी फुगले. उतरवून झालं की मूळ कॅसेटी परत आणून पुढच्या धड्यांना वापरायचो, कारण कॅसेटी मोजक्याच मिळाल्या होत्या.

सप्टेंबरात एका शनिवारी सरांनी तोंडी घ्यायला सुरुवात केली. एका पेशव्याचं नाव घेतलं आणि म्हणाले, "याच्या कारभाराबद्दल सांग." मी त्या नावाचा पेशवा ऐकलाच नव्हता. सरांना वाटलं, मी गोंधळले. त्यांनी दुसरा प्रश्न घातला, तोही त्याच्याच लढाईचा. मी म्हटलं, "सर, हा आमच्या पुस्तकात नाही." सर हसले नाहीत, तेच वाईट झालं. ते म्हणाले, "अगं, त्याच्यावर अख्खं प्रकरण आहे. पुढच्या प्रकरणांतही तोच तो येतो. दरवर्षी प्रश्न असतो."

शाळेत नुकत्याच वाचून दाखवायला येऊ लागलेल्या बाई गावी गेल्या होत्या, परीक्षा तोंडावर होती, आणि माझ्याजवळ होत्या त्या सगळ्या कॅसेटी गुळगुळीत, स्वच्छ, आणि अर्ध्या रिकाम्या. परत येताना गाडीनं तळेगाव सोडलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या पेशव्याचं नाव आणि माझ्या दादाचं नाव एकच. ते नाव मी इथं लिहीत नाही, घरातल्या कुणाचंच लिहीत नाही. पण ते नाव जिथं जिथं आलं तिथं तिथं वहिनीनं खट् केलं होतं, वाक्य गाळलं होतं, आणि शेवटी प्रकरणच्या प्रकरण उलटून पुढं गेली होती. आणि काहीतरी गळालंय हे सांगणारी एकच खूण टेपवर होती, ती मी हौसेनं काढून टाकली होती.

बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे आमच्याकडं सगळ्याच बायका पाळायच्या. शेजारच्या क्वार्टरमधली मावशी तर कडक. तिचा नवरा दादाच्याच गँगमध्ये होता. शिरगणतीवाला आला तेव्हा तिनं भिंतीवर थाप मारून मला बोलावलं होतं, "पोरी, ह्यांचं नाव सांग की त्याला." तिच्या माहेरी कुणा बाईनं म्हणे भांडणात नवऱ्याचं नाव घेतलं, आणि तो त्याच आठवड्यात आंब्यावरून पडला. ही गोष्ट ती वहिनीला दर पावसाळ्यात सांगायची.

घरी आले तेव्हा वहिनी भाकरी थापत होती. मी चप्पलसुद्धा काढली नाही. "दूध उतू जात होतं काय गं?" असं विचारलं. थापण्याचा आवाज थांबला. त्यावरून कळलं की तिला कळलंय.

मी बोलायला लागले ते थांबेचना. माझं वर्ष, माझी नोकरी, माझा जन्म, सगळं तिच्या अंगावर टाकलं. "मग उखाणे घालून वाचायचंस," असंही म्हटलं. "उखाण्यात चालतं ना तुम्हाला नाव?"

"अख्ख्या पेशवाईला उखाणं कुटनं आनू?" ती म्हणाली. ती थट्टा करत नव्हती. तिनं तेही करून पाहिलं असणार.

मग ती माझ्याजवळ येऊन बसली. हाताला पीठ तसंच. "वन्सं, तुमी सांगा. एकदा म्हनलं तर एकदाच म्हनलं, वाऱ्यावर गेलं. पन ह्या डब्यात म्हनलं तर? तुमी बटन दाबशाल तवा मी म्हननार. मी भाकरी थापीत आसंन, झोपल्याली आसंन, तरी मी आपली नाव घेतच ऱ्हानार. त्यास्नी घाटात हुबं ऱ्हायाचं असतंय वो."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही, आणि का आलं नाही तेही सांगते. आम्ही मूळचे सुदुंबऱ्याचे. छप्पन्न साली वडिलांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि घरातले टाक इंद्रायणीत सोडले. पुढं थोड्याच दिवसांत मला देवी आल्या आणि डोळे घेऊन गेल्या. गावातल्या बायका म्हणाल्या, देव टाकले म्हणून देवी कोपली. वडील म्हणाले, लस टोचली नव्हती म्हणून झालं, बाकी सगळं थोतांड. मी वडिलांचंच खरं मानते, तेव्हाही मानत होते. पण तापात पडलेल्या पोरीच्या उशाशी बायका जे कुजबुजतात ते कानात राहतं, त्याला लस नाही.

तरी मी हट्ट सोडला नाही. "नाव घेतल्यानं कुणी मरत नाही," मी वडिलांच्या आवाजात म्हटलं. "आणि नाहीच वाचलंस तर मी बसते जन्मभर तुझ्या चुलीपाशी. दोघी मिळून लसूण सोलू." दादाला सांगू नका, एवढंच ती म्हणाली. तो हसला असता, आणि हसत हसत ड्युटीवर गेला असता, ते तिला नको होतं.

पुढचे दोन-तीन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मग एका दुपारी दादा कामावर गेल्यावर तिनं आतून कडी लावली, खिडकीला घोंगडी लावली आणि म्हणाली, "लावा."

मी मेणाचा थेंब चाचपला आणि बटण दाबलं. तिनं प्रकरणाचं शीर्षक वाचलं. शीर्षकातच ते नाव होतं. ते म्हणताना तिचा आवाज असा झाला की मला ओळखू आला नाही, बारीक आणि कोरडा. नंतर पुन्हा आलं, पुन्हा आलं. दर वेळी नावाआधी ती श्वास घ्यायची. एकदाही खट् झालं नाही. कॅसेटची ती बाजू संपून बटण आपोआप वर आलं तेव्हा माझी पाठ घामानं भिजली होती. मी जिंकले होते, आणि मला अजिबात बरं वाटत नव्हतं.

वहिनीनं चहा टाकला. तो उकळायच्या आत इंजिनांच्या शेडचा भोंगा झाला.

तो भोंगा रोजचा नव्हे. घाटात काही झालं की तो थांबून थांबून वाजायचा, मदतीच्या गाडीवरच्या माणसांना बोलवायला. ओळीतली सगळी दारं उघडली. चपला, छत्र्या, बायकांचे आवाज. मावशी ओरडून कुणाला तरी विचारत होती, कुटं, कुटं? कुणीतरी पळत जाता जाता म्हणालं, खंडाळ्याच्या पुढं दरड आली, खाली गँग होती. कोणाची गँग, कोण कोण, कुणालाच माहीत नव्हतं.

वहिनी दारातून मागं आली. माझ्या गुडघ्यावर तिचा हात आला, गार पडलेला. "पुसा," ती म्हणाली.

"वहिनी, अगं परीक्षा."

"पुसा वन्सं."

ती रडली असती, भांडली असती, तर मी उत्तर दिलं असतं. ती फक्त हात ठेवून बसली. मी वडिलांचं वाक्य शोधलं, नावानं कुणी मरत नाही, लस, थोतांड. शब्द होते, तोंडातून निघेनात. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझ्यापाठी तर तो त्या गोधडीवरच येऊन बसला होता. मला माझी परीक्षा दिसत नव्हती, दादाच्या अंगावरचा दगड दिसत होता, जो मी कधीच पाहिलेला नाही. मी टेप मागं नेली, मेणाचा थेंब शोधला आणि बटण दाबलं.

पुसायचं म्हणजे काय, हे ज्यांनी केलं नसेल त्यांना सांगते. पुसणं असं वेगळं काही नसतं. आधीच्या आवाजावर दुसरा आवाज भरायचा, नाहीतर शांतता भरायची. जेवढा वेळ बोललात तेवढाच वेळ गप्प बसायचं. वहिनीनं माझ्या तोंडावर हात ठेवला, एक शब्द आत जाता कामा नये म्हणून. आम्ही दोघी त्या मशीनपुढं तशा बसलो. चहा आटून करपला, त्याचा वास आला, कुणी उठलं नाही. बाहेर भोंगा पुन्हा झाला. मला शिंक आली ती मी दाबली. सगळा वेळ माझ्या मनात एकच होतं, की दादा गेला असेल तर तो माझ्या हट्टानं गेला, आणि हे मला कधीच कुणाला सांगता येणार नाही. एवढी भीती मला नंतर कधी वाटली नाही, स्वतःच्या मरणाचीसुद्धा नाही.

बटण वर आलं. वहिनीनं तरीही माझ्या तोंडावरचा हात काढला नाही.

संध्याकाळी दिवे लागल्यावर ओळीच्या टोकाला दादाची पावलं आली. मी ती ओळखली, पण ती आमच्या दाराशी आली नाहीत. अलीकडं थांबली. मग हळूहळू आमच्या दारात आली. त्याच्या अंगाला चिखलाचा आणि रक्ताचा वास होता. "मावशीकडं कोण आहे आत्ता?" त्यानं विचारलं. दरड आली तेव्हा तिचा नवरा त्याच्यापासून हाताच्या अंतरावर उभा होता. दगड त्याच्यावर आला आणि दादाच्या नुसत्या खांद्याला चाटून गेला.

खोटं कशाला बोलू, मला आधी आनंद झाला. मग त्या आनंदाची किळस आली. वहिनी उठली आणि शेजारी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीच्या नवऱ्याला घरी आणलं. भिंत एकच असल्यामुळं मला सगळं ऐकू येत होतं. बायका रडत होत्या, पण मावशीचा आवाज त्यांत नव्हता. आणि मग आला. तिनं नवऱ्याचं नाव घेतलं. त्या मावशीनं, जिनं सरकारी माणसापुढंसुद्धा ते घेतलं नव्हतं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा, आधी पूर्ण नाव, मग लहानपणीचं, त्याची आई हाक मारायची ते. मोठ्यानं, हाक मारल्यासारखं. प्रत्येक हाकेनंतर ती थांबायची. तिचं ते थांबणं मला रडण्यापेक्षाही ऐकवेना, मी कानांवर उशी घेतली. वहिनी तिच्याजवळ बसून होती.

दादाला खांद्यामुळं रजा मिळाली. तो आतल्या खोलीत पडून असायचा. मी पुस्तकाचं नाव काढलं नाही. मनाशी ठरवून टाकलं होतं की नापास व्हायचं. सोपं होतं ते. नापास झाल्यानं कुणाच्या डोक्यावर दगड पडत नाही.

एका दुपारी वहिनी हात पुसत आली. घोंगडी लावली नाही, कडी लावली नाही. "वन्सं, मशीन काढा."

मी म्हटलं, "नको."

"काढा म्हनते."

"नको वहिनी. मला नाही व्हायचं पास. राहू दे." आता भ्यायची पाळी माझी होती, आणि मी ती मन लावून पार पाडत होते.

ती माझ्याशेजारी बसली. "मावशीनं जलमभर नाव पोटात ठिवलं," ती म्हणाली. "एकदा बी तोंडावर आनलं न्हाई. वाचला का त्यो? आन् आता हाका मारती. लय गोड नाव व्हतं त्याचं. पन ओ द्याया कोन हाय तितं?"

तिनं स्वतःच गोधडीची घडी घातली, मशीन माझ्या हाताखाली सरकवलं आणि पुस्तक उघडलं.

त्या ऑक्टोबरला मी निघाले, इतिहासातही निघाले, पुढं पुण्याला गेले आणि नोकरीही केली, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे त्याची काळजी नको.

मी बटण दाबलं. वहिनीनं शीर्षक वाचलं. नाव या वेळी तिनं साध्या आवाजात घेतलं, भाजी काय करू असं विचारल्यासारखं.

आतल्या खोलीतून दादा म्हणाला, "ओ."

वहिनी थांबली. टेप फिरत होती.

"काय गं?" दादानं आतून विचारलं. लग्न झाल्यापासून बायकोनं त्याला अशी हाक कधी मारली नव्हती. पण त्याच्या आवाजात नवल नव्हतं, नुसता थकवा होता.

"काय न्हाई," वहिनी म्हणाली. "पुस्तकातलं हाय. पडा तुमी."

तिनं पुढं वाचायला घेतलं. पुढच्याच ओळीत ते नाव पुन्हा होतं. तिनं ते घेतलं, आणि आतून पुन्हा ओ आली. मला वाटलं, तो चेष्टा करतोय. तो चेष्टा करत नव्हता. त्या प्रकरणात ते नाव फार वेळा येतं. ती दर वेळी घ्यायची, तो दर वेळी ओ द्यायचा, आणि ती ती ओ ऐकून मगच पुढचं वाक्य वाचायची. हळूहळू त्याची ओ बारीक होत गेली. मग नुसता हुंकार. मग त्याचं घोरणं ऐकू आलं, आणि वहिनीनं आवाज खाली आणला. उरलेलं प्रकरण तिनं हळू वाचलं, आणि नाव आलं की आणखी हळू, त्याला जाग येऊ नये म्हणून.